सुटकेचा हुकूम कोणी पोहोचवायचा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. सल्ला सोन्यासारखा आहे. परंतु पायरी चढायची की नाही हे ज्याला ठरविता येते, त्याच्याच कामाचा आहे. गरिबाला ही पायरी कोणी विचारून चढवीत नाही. बांधावरची कुरबूर, पाण्याच्या पाळीवरून उगारलेली काठी, जत्रेतील झोंबाझोंबी, किंवा कोणी रागाच्या भरात फिर्यादीत घातलेले नाव, एवढ्याने शेतकऱ्याच्या वा कारागिराच्या घरात कोर्ट शिरते. आणि एकदा शिरले म्हणजे ते कर्त्या पुरुषापुरते राहत नाही. बायको, पोरे, शेरडेमेंढरे, भट्टी आणि तिफण, सारे त्यात ओढले जाते.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या शाळेतील एका मुलाचा बाप जातीने व धंद्याने लोहार. बांधाच्या भांडणात मारामारी झाली, डोकी फुटली, आणि फिर्यादीत पाचसहा नावे पडली. त्यांत ह्याचेही नाव होते. तो दोषी की निर्दोषी हे कोर्ट ठरवील. खटला अजून चालू आहे आणि आम्ही त्याची वकिली करीत नाही. आम्हांला सांगावयाचे आहे ते जामीन मंजूर झाल्यानंतरचे. सोमवारी कोर्टाने हुकूम केला, की पंचवीस हजारांचा एक जामीनदार देऊन ह्यास सोडावे. बायकोला वाटले, सांजेला मालक घरी येतील. तिने भाकऱ्या थापल्या. मालक घरी आले ते तेराव्या दिवशी.

मधले दिवस कोठे गेले, त्याचा हिशेब ऐका. जामीनदार म्हणून सख्खा भाऊ उभा राहिला. परंतु त्याचे घर हद्दीपलीकडे विजापूर जिल्ह्यात. मेजावरच्या माणसाने सांगितले, परमुलखातला जामीन चालत नाही. मग गावातला एक शेतकरी तयार झाला. त्याचा सातबारा, घरपट्टीचा उतारा, दाखला आणि फोटो गोळा करण्यात तीन दिवस गेले. जामीन कबूल झाला, तोवर तुरुंगाची संध्याकाळची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशी कळले, की कोर्टाच्या कागदावर बापाचे नाव एक आणि तुरुंगाच्या वहीत दुसरे. एका अक्षराचा फरक! कागद माघारी गेला. मध्ये शनिवार-रविवार आला आणि त्याला लागून एक सुटी आली. ती बाई घरात कानडी बोलणारी. मराठी कळते, पण वाचता येत नाही. आम्ही रजा टाकून दोनदा बरोबर गेलो, ते केवळ कागद वाचून दाखवायला. एस.टी.चे भाडे, झेरॉक्स, तिकिटे आणि वकिलाची फी यांपायी दोन माडग्याळी मेंढ्या विकाव्या लागल्या. पेरणीच्या तोंडावर भट्टी थंड पडली, आणि पोरगा शाळेऐवजी लोकांच्या रोजगारावर गेला.

परतीच्या एस.टी.त त्या अक्काने आम्हांला विचारले, "गुरुजी, जज्जसायबानं सोडा म्हटलंया, मग मालकास्नी धरून कोण ठेवलंया?"

आम्ही ट्रेनिंग कॉलेजात शिकलो, वीस वर्षांवर पोरांना नागरिकशास्त्र शिकविले. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कोर्टाने धरले नव्हते. पोलिसांनी धरले नव्हते. तुरुंगवाला म्हणत होता, मला कागद मिळाला की क्षणभरही ठेवणार नाही. म्हणजे कोणीच धरले नव्हते, तरी माणूस आत होता! हे ठाणे कोणते, कोर्ट कोणते, तुरुंग कोणता, ते आम्ही लिहीत नाही. दोष एका कचेरीचा असता तर नाव घेऊन लिहिले असते. दोष आहे तो दोन कचेऱ्यांच्या मधल्या वाटेचा, आणि त्या वाटेला मालक नाही.

वाचकहो, फौजदारी न्यायाचे काम आपल्याकडे पाच ठिकाणी वाटलेले आहे. पोलिस ठाणे धरते व तपास करते. रक्त, विष प्रयोगशाळा तपासते; आपल्या भागाला अशी सरकारी प्रयोगशाळा कोल्हापुरास आहे. सरकारी वकील खटला मांडतो, कोर्ट निवाडा देते, आणि तुरुंग ठेवतो व सोडतो. ह्यांच्या जोडीला गरिबांस फुकट वकील देणारे विधी सेवा प्राधिकरण आहे. प्रत्येकाचे घर निराळे, वही निराळी, साहेब निराळा.

हे निराळेपण वाईट आहे काय? मुळीच नाही. उतावीळ लोक म्हणतात, एवढ्या कचेऱ्या हव्यात कशाला? एकच खमक्या अधिकारी नेमा, तोच धरील, तोच निवाडा करील, तोच शिक्षा देईल. बंधूंनो, ह्या बोलण्याला भुलू नका. हा प्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेला आहे. १९४८ पर्यंत जत हे डफळ्यांचे संस्थान होते. शिपाई दरबारचा, न्यायाधीश दरबारचा आणि कोठडीही दरबारची. राजा भला असला तर न्याय; नसला तर दाद कोणाकडे मागायची? इंग्रजी मुलखातही निराळे नव्हते. मामलेदार वसुलीही करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून दंडही ठोठावी. ज्याच्याशी साऱ्यावरून भांडण, त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभे राहावयाचे! जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कचेऱ्यांतून शेतकरी कसा नागवला जातो हे दाखविले आहे, ते उगाच नव्हे.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात १९४३ ते १९४६ ह्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली. गावचा तंटा गावातच, गावकऱ्यांच्या भाषेत आणि सगळ्यांच्या समोर मिटे. खेप नाही, तिकीट नाही, वर्षानुवर्षांची तारीख नाही. म्हणून रयतेने ते आपले मानले. त्या काळाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु धरणारा, ठरविणारा आणि दंड देणारा एकाच फळीतला असला म्हणजे चुकलेल्या निवाड्यावर अपील कोठे करायचे, हा प्रश्न तेथेही उरतोच. ते दिवस परकी सत्तेशी झुंजण्याचे होते. रोजच्या राज्यकारभाराला तो बेत पुरत नाही.

म्हणूनच स्वराज्य आल्यावर मुंबई राज्याने १९५१ साली कायदा करून न्यायाचे काम आणि अंमलाचे काम अलग केले. १९७३ च्या फौजदारी संहितेने सरकारी वकिलालाही पोलिसांपासून अलग करावयाचे ठरविले. आपल्या महाराष्ट्रात ते नीट झाले नव्हते. तेव्हा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावले, की सरकारी वकील पोलिसखात्याच्या हाताखाली ठेवू नका. ही फाळणी गरिबाची ढाल आहे. ती नसली म्हणजे काय होते, हे पाहण्यास लांब जावयाला नको. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहरात चोरीच्या आरोपावरून धरलेला एक तरुण पोलिस कोठडीत मेला. आरोपी पळून गेला, असे आधी सांगण्यात आले. मग त्याचे प्रेत आंबोलीस नेऊन जाळल्याचा आरोप पोलिसांवरच आला, अधिकाऱ्यासह पोलिसांना अटक झाली आणि तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. ठाणे आपणच कोर्ट आहोत असे समजू लागले, की शिक्षा निवाड्याच्या आधीच होते.

तेव्हा घरे पाच असू द्यात. परंतु पाच घरांनी एकमेकांशी बोलू नये, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

बैलगाडीचे चाक पाहा. तुंबा, आरे आणि पाटे सुतार घडवितो. वरची लोखंडी धाव लोहार बसवितो. सुताराने लोहाराचे काम करू नये, लोहाराने सुताराचे. पण चाक तयार होईल त्याच दिवशी धाव तापलेली पाहिजे आणि माप एकच पाहिजे. सुताराने आपल्या मनाचे माप घेतले, लोहाराने आपल्या मनाचे, तर दोघांचे काम चोख असूनही गाडी वाटेत मोडते. आणि मोडते ती गाडीवाल्याची. आमच्या गावचा अडाणी सुतारसुद्धा एवढे जाणतो, म्हणून तो आधी लोहाराच्या दारी जाऊन माप विचारतो. सरकारच्या कचेऱ्यांत हे माप विचारीत कोण जातो? ती लोहाराची बायको जाते!

हे केवळ जतेचे दुखणे आहे असे समजू नका. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आग्र्याच्या तुरुंगातील १३ कैद्यांना जामीन दिला. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाचा हुकूम. तरी ते बापडे आणखी काही दिवस आतच राहिले, कारण हुकूम तुरुंगाच्या दारी पोहोचला नव्हता. त्या वेळचे सरन्यायाधीश रमणा यांनी ह्यावर कडक शब्दांत नाराजी दाखविली, आणि ३१ मार्च २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे असे हुकूम विजेच्या वेगाने तुरुंगाकडे पाठविण्याची सोय झाली. त्याच २०२१ साली मुंबईत एका बड्या सिनेनटाच्या मुलाला २८ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला. आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाच्या कागदांसाठी एक पेटी असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्या पेटीत कागद पडला नाही, म्हणून तो ३० तारखेस सुटला. पुढे २०२२ साली पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच ठेवले गेले नाही. ज्याच्या दिमतीला नामांकित वकिलांचा ताफा, त्याची एक रात्र ज्यादा गेली. तर ज्याच्या दिमतीला फक्त त्याची बायको, त्याच्या किती रात्री जात असतील?

जामीनदाराचे तर जुनेच रडगाणे आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मध्य प्रदेशातील खालच्या मॅजिस्ट्रेटाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाचा जामीन नाकारला होता. का? तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या हुकुमाची चांगलीच हजेरी घेतली आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडावयास सांगितले. आपला देश एक असताना एका जिल्ह्याचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा, हा त्यांचा सवाल होता. आज जवळजवळ अर्धशतक झाले. परंतु आमच्या लोहाराच्या भावाला तेच उत्तर मिळाले. आमच्या तालुक्यात तर निम्मी सोयरीक हद्दीपलीकडे. उमदी-संखकडच्या माणसाचा मामा विजापुरात आणि मेव्हणा अथणीत. रेघ कागदावर आहे, रक्तात नाही.

देशाचे आकडेही पाहावेत. २०२२ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत व्हावयाचा होता. आणि ह्या कच्च्या कैद्यांत ठोकळमानाने दोन तृतीयांश माणसे अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील. म्हणजे कोण? आपणच! कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरील चावडीची हजेरी बंद केली. ती हजेरी गेली. परंतु कचेऱ्यांच्या दारातील बायकापोरांची हजेरी अजून चालूच आहे, आणि ती कोणत्याही वहीत लिहिली जात नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, दुखणे सांगितले, औषध सांगा. औषध नवे नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९६१ साली व्हेरा नावाच्या संस्थेने साधी गोष्ट केली. कायद्याचे विद्यार्थी धरलेल्या माणसाकडे जात आणि विचारीत: काम काय करतोस, घरी कोण आहे, ह्या शहरात किती वर्षे राहतोस? ती माहिती ते न्यायाधीशापुढे ठेवीत, आणि मुळे घट्ट असलेल्या माणसाला पैसे न घेता केवळ शब्दावर सोडले जाई. बहुतेक माणसे तारखेला बिनचूक हजर राहिली. पुढे १९६७ साली महापौर लिंडसे यांनी पोलिस, वकील, कोर्ट व तुरुंग यांना एका बैठकीत आणणारे मंडळ स्थापिले. शहराच्या कारभाऱ्याने ओळखले, की खाती निराळी असली तरी माणूस एकच असतो. तो सकाळी ठाण्यात, दुपारी कोर्टात आणि रात्री तुरुंगात. आपल्या मुंबईतही टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून चालला आहे. त्याचे कार्यकर्ते ठाणे, कोर्ट आणि तुरुंग यांमधली तीच मोकळी वाट चालत असतात.

आपल्याकडे महापौराच्या वा नगराध्यक्षाच्या हाती पोलिस नाहीत, हे खरे. परंतु एक गंमत पाहा. पोलिस, सरकारी वकिलांचे संचालनालय, तुरुंग आणि प्रयोगशाळा ही चारही घरे महाराष्ट्रात एकाच गृहखात्याची लेकरे आहेत. फक्त कोर्ट उच्च न्यायालयाच्या आधीन, आणि ते तसेच असले पाहिजे. चार भाऊ एका बापाचे, तरी एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा तर तो परक्या बाईच्या हाती द्यावा, हा कोणता संसार?

कायद्याने तोंडाला पाने पुसली असेही नाही. उलट कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी व पोलिस अधीक्षक यांनी दर तीन महिन्यांनी बसून कच्च्या कैद्यांची यादी तपासावी. ३१ जानेवारी २०२३ रोजी तेच न्यायालय म्हणाले, की जामिनाचा हुकूम झाला की त्याची प्रत त्याच वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जावी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे. त्याच २०२३ साली केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आखली. तीत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली, आणि ती ठरविण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात समिती सांगितली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे पूर्वी कधीही गुन्हा शाबीत न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडावयाचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी तेवढे वगळले आहेत. त्यासाठी कोर्टास लिहिण्याचे काम तुरुंगाधिकाऱ्याचे आहे, कैद्याच्या बायकोचे नाही. पाचही खात्यांच्या वह्या संगणकाने जोडण्यासाठी २०२२ साली ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले.

मग अडले कोठे? अडले ते जबाबदार माणसापाशी. संगणक निरोप नेतो; परंतु बापाच्या नावातील अक्षर चुकले तर संगणक ते आणखी जलद चुकवितो. ते अक्षर दुरुस्त करण्यास कोणी तरी फोन उचलून दुसऱ्या कचेरीला विचारले पाहिजे, की "हा तोच माणूस ना?" ते कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. समित्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. जतेहून सांगली एस.टी.ने अडीच-तीन तासांची वाट, आणि आमच्या पूर्वेकडच्या गावांहून त्याहूनही लांब. तेथे बसलेल्या समितीच्या कानी ह्या अक्काचा प्रश्न कसा पडावा?

येथे विद्वान मंडळी एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. न्यायाधीशाने पोलिसांबरोबर एका बैठकीस बसावे काय? निवाड्यावर दाब येणार नाही काय? आमचे उत्तर असे. त्या बैठकीत कोणत्याही खटल्याच्या खरेखोटेपणाचा शब्द निघता कामा नये. कोण दोषी, कोणाला जामीन द्यावा, हे कोर्टाच्या खुर्चीवरच ठरावे, उघड्या दाराने. बैठकीत बोलावयाचे ते एवढेच: जामीन मिळूनही किती माणसे आत आहेत, कोणाचा रासायनिक अहवाल किती महिने आला नाही, कोणत्या तारखेला पोलिसांची गाडी नव्हती म्हणून आरोपी कोर्टात आणला गेला नाही, कोणता साक्षीदार समन्स न पोहोचल्याने तीनदा हेलपाटे घालून गेला. यात निवाडा कोठे आला? हे चाकाचे माप आहे. आणि बैठकीचे टिपण आरोपीच्या वकिलालाही मिळावे, म्हणजे झाकापाक राहणार नाही.

सबब आमचे मागणे थोडके आहे. एक: तालुक्याच्या कोर्टाच्या गावी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठाणे, सरकारी वकील, कोर्टाचा प्रबंधक, तुरुंगाचा माणूस आणि विधी सेवा समिती यांची बैठक व्हावी, तुरुंग लांब असेल तर त्याने पडद्यावरून हजर राहावे. दोन: त्या बैठकीचा एक चिटणीस असावा, त्याचे नाव व फोन फळ्यावर लिहावा, आणि जामीन होऊन सात दिवस गेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल त्याने जाब द्यावा. तीन: किती सुटले, किती अडले, का अडले, हे आकडे, माणसांची नावे न घालता, कोर्टाच्या व ठाण्याच्या भिंतीवर दर महिन्यास लावावेत. भिंतीवरचा आकडा फायलीतल्या आकड्यापेक्षा लवकर लाजतो. चार: जतसारख्या सीमेवरच्या तालुक्यात त्या मेजावर कानडी जाणणारा माणूस असावा. पाच: ग्रामपंचायतीने व जत नगरपरिषदेने जामीनदाराचा घरपट्टीचा उतारा आणि रहिवासाचा दाखला मागितल्या दिवशी द्यावा. हे तर आपल्याच निवडून दिलेल्या माणसांच्या हातचे काम. त्यास दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही.

आणि वाचकहो, थोडे काम आपलेही आहे. पुढील गोष्टी घरातील शिकल्या पोराकडून भिंतीवर लिहून ठेवा. धरलेल्या माणसाला, वाटेचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटापुढे नेलेच पाहिजे. का धरले हे त्याला सांगितलेच पाहिजे. नव्या संहितेच्या ३७ व्या कलमाने प्रत्येक ठाण्यात धरलेल्यांची नावे व गुन्हा ठळक लावावयाचा आहे. तो फळा पाहावयास मागा. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून माघारी लावता येत नाही. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, आणि तपास कोठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीस कळवावयाचे आहे. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ह्या क्रमांकावर फोन करा. विधी सेवा प्राधिकरण त्यासाठीच आहे. आणि ठाण्यात नाव सांगताना आधार कार्डावर जसे आहे तसेच, बापाच्या नावासकट, सांगा आणि लिहिलेले वाचून घ्या. एका अक्षराने आमच्या लोहाराचे दिवस खाल्ले, हे विसरू नका.

चोराला, मारेकऱ्याला सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याची लेक छळली गेली, तोही आपल्यातलाच गरीब असतो, आणि कचेऱ्यांच्या अबोल्याचा मार त्यालाही तितकाच बसतो. अहवाल येत नाही, साक्षीदार थकतात, आणि खरा गुन्हेगार पुराव्याअभावी सुटून गावात मिशीला पीळ देत फिरतो. चाक मोडले म्हणजे दोन्ही बाजूंची गाडी पडते.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. वरची पाच मागणी त्यात लिहा, सह्या-अंगठे करा, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांस, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास धाडा. अक्षरे लिहून द्यावयास प्रत्येक गावात एक तरी शाळामास्तर आहे, आणि तो नाही म्हणणार नाही. जज्जसायबाने सोडा म्हटल्यावर माणसाला धरून कोण ठेवतो, ह्या प्रश्नाला उत्तर देणारा एक जबाबदार इसम आम्हांस हवा आहे. तो मिळेपर्यंत विचारणे सोडू नका.